चिंगीचं वेगळं बिऱ्हाड

ता. ५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. वहिनीलाही जवळ बोलाव, म्हणजे तुला मोठ्याने वाचावं लागेल आणि मधेच कागद चुरगाळता येणार नाही.

मैत्रिणीकडे पंधरा दिवस राहून येते असं सांगून मी निघाले होते. तिच्याकडे तीनच दिवस राहिले. बाकीच्या दिवसांत घरं बघितली आणि परवा एक भाड्याने घेतलं. एका वर्षाचा करार आहे. सही झाली, किल्ली मिळाली. आता काय बोलायचं ते बोल.

भांडण नाही, रुसवा नाही. तुझ्या घरात सत्तावीस वर्षांत मला कुणी वावगा शब्द बोललं नाही. पण नोकरी होती तोवर मी घरी नुसती झोपायला यायचे. निवृत्त होऊन आठ महिने झाले तेव्हा कुठे मला दिसायला लागलं, की माझ्या खोलीतल्या कपाटात तुझे रंगाचे डबे आहेत, पलंगाखाली जादा गाद्या आहेत आणि दाराला कडीच नाही. चौतीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांच्या खाटा आवरल्या. एकसष्टाव्या वर्षी एक दार आपलं आपण लावून बघावं असं वाटलं. कारण एवढंच. दुसरं शोधत बसू नकोस.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इतकं आधुनिक आहे की मी अजून बिचकून असते. स्वयंपाकघराला भिंत नाही. एजंट त्याला ओपन किचन म्हणतो. म्हणजे भाजी करपली की बातमी थेट पलंगापर्यंत. कपाटांना मुठी नाहीत, दाबलं की उघडतात, त्यामुळे मी जरा टेकले की कुठलंतरी दार माझ्या अंगावर येतं. न्हाणीघरातला दिवा माणूस हलला तरच लागतो. शांत बसलं की विझतो. तिथे बसून मला अधूनमधून दोन्ही हात हवेत हलवावे लागतात, जणू लांबून कुणाला बोलावतेय.

वस्ती कलावंतांची आहे. पूर्वी इथे गिरण्या होत्या, आता सगळी चित्रं, नाटकं आणि वाद्यं. रस्त्याच्या एका टोकाला व्हायोलिन चालू असतं, दुसऱ्या टोकाला वेल्डिंग. माणसं कुठून कुठून आलेली आहेत. जिन्यात धक्का लागला तर पाच भाषांत माफी मागतात.

फोन करू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मग तू ओरडतोस. पत्रात निदान तुझं अक्षर तरी बघायला मिळतं.

राग ओसरला की लिही. लोभ आहेच; त्याची बेरीज मी करत नाही.

तुझी,
चिंगी


ता. ११ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. (मनात नसताना दिलेत.)

पत्र पोचलं. मी बसूनच वाचलं. उठायची ताकद नंतर राहिली नाही.

एकसष्ट वर्षांची बाई घर सोडून जाते आणि कारण काय, तर दाराला कडी नाही! अगं, सांगायचं होतंस, कडी बसवली असती. रंगाचे डबे हलवले असते. ते तसेही वाळलेत. समोरचा शिंपी रोज विचारतो, सिस्टर कुठे दिसत नाहीत. मी सांगतो, मैत्रिणीकडे. आता किती दिवस मैत्रिणीकडे? लोक म्हणतील, बहिणीची नोकरी संपली आणि याने तिला वाटेला लावली.

कलावंतांबद्दल मला सांगू नकोस. चाळीस वर्षं मी पाट्या रंगवल्या. दुकानाची पाटी सरळ लागली पाहिजे, लांबून वाचता आली पाहिजे आणि ऊन-पावसात टिकली पाहिजे. यातलं एकही बंधन कलावंताला नसतं. म्हणून ते वेल्डिंग करत बसतात.

माझं सगळं उत्तम चाललंय. कामही आहे. तू मुकाट्याने परत ये. तुझ्या अक्षरातला 'र' अजून पडतोय. त्याला पाठीचा कणा दे.

तुझा,
दादा

ता. क. चिंगे, मी वहिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. काम वगैरे काही नाही. छापील फलक निघाल्यापासून सात वर्षं एक पाटी रंगवलेली नाही, तुला ठाऊकच आहे. तू होतीस तेव्हा संध्याकाळी तुझ्याशी वाद घालून यांचा वेळ जायचा. आता माझ्याशी घालतात, आणि मला वाद येत नाही, मी लगेच हो म्हणते. त्याने जास्तच चिडतात. तू ये असं मी म्हणणार नाही. दार लावून झोप नीट लागते का, ते मात्र कळव.


ता. २ मार्च

ती. दादास आणि वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, झोप छान लागते. फक्त वरच्या मजल्यावर एक ड्रमवाला राहतो. सकाळी दहाला सुरू होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी फर्निचर जिन्यावरून सोडलंय. भांडायला गेले तर दारात पन्नाशीचा, माझ्या खांद्याला लागणारा, अगदी हळू बोलणारा गृहस्थ. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, कुठली जागा जास्त कर्कश वाटली. शेवटी, मधे एकदा श्वास घ्या, असं म्हणाले. आता तो मधे थांबतो आणि मी खाली खरंच श्वास घेते.

समोर दगडाचं काम करणारा शिल्पकार आहे. गेल्या सोमवारी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली आणि रक्ताचा माग सोडत चुकून माझ्याच दारात आला. चूक त्याची नाही. या इमारतीत दारांचे नंबर दिसतच नाहीत. ज्याने इमारतीचा नकाशा काढला त्याने करड्या भिंतीवर करड्या रंगात, बोटाएवढे आणि गुडघ्याच्या उंचीला नंबर लावलेत. बघायला देखणे आहेत म्हणे, पण त्यासाठी आधी सापडायला हवेत. चौसष्ट दारं सारखी. मी स्वतः दोनदा दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली. असो. अंगठा धुतला, बांधला. तेव्हापासून रोज कुणीतरी काहीतरी कापून, भाजून, मुरगाळून येतं. सगळे मला सिस्टर म्हणतात.

आता एक गंमत सांगते. ओरडू नकोस.

ही इमारत फक्त कलावंतांना भाड्याने देतात. हे मला परवा कळलं. रहिवाशांच्या अध्यक्ष एक विणकर बाई आहेत. उंच, चष्मा गळ्यात, हातमागावर सतरंज्या विणतात. त्या दारात येऊन म्हणाल्या, एप्रिलच्या प्रदर्शनात तुमचं सुईकाम बघायला सगळे उत्सुक आहेत. मी म्हटलं, कसलं सुईकाम? त्यांनी माझा अर्ज दाखवला. एजंटने मला विचारलं होतं, बाई, काय करत होतात? मी म्हटलं होतं, चौतीस वर्षं इंजेक्शनं दिली. त्याने कलाप्रकाराच्या रकान्यात लिहिलंय: सुईकाम, चौतीस वर्षांचा अनुभव.

एजंटला फोन केला तर म्हणतो, यात खोटं काय आहे?

वहिनी, भरतकाम शिकायला किती दिवस लागतात?

तुमची,
सुईकामवाली चिंगी


ता. ७ मार्च

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

ओरडत नाही. घसा बसलाय.

तू शाळेत रुमालाला काठ घालताना रुमाल स्वतःच्या फ्रॉकला शिवला होतास. आईने दोन्ही एकत्र धुतले. असल्या हातांनी तू प्रदर्शन भरवणार?

खोट्या अर्जावर घरात राहणं आपल्या घराण्यात बसत नाही. सरळ जाऊन खरं सांग आणि सामान बांध. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो. टेम्पोवाल्याला महिनाअखेरची तारीख दिलीय. तुझ्या खोलीला कडी बसवून घेतली. पितळी आहे. आतून लागते.

तुझा,
दादा

ता. क. कडी यांनी स्वतः बसवली. अर्धा दिवस लागला, तीन वेळा उलटी बसली. मग खोलीत जाऊन आतून लावून बघितली आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी विचारलं, अडकलात का? तर म्हणाले, नाही, बघतोय. भरतकामाला सहा महिने लागतात, चिंगे, आणि तुला सहा वर्षं. खरं सांगून टाक.
— वहिनी


ता. १२ मार्च

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला एकटीला.

सांगितलं. विणकर बाई आपणहून आल्या. हातात एक जुना टेबलक्लॉथ, आणि मला विचारतात, हा टाका कुठला असेल हो? मी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हटलं, बाई, मी आयुष्यात फक्त जखमांना टाके घातलेत, आणि तेही डॉक्टर घाईत असताना. मी नर्स आहे. अर्ज एजंटने भरला, पण न वाचता सही मी केली.

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. माझ्या खुर्चीत बसून टेबलक्लॉथची घडी घातली, उलगडली, परत घातली. म्हणाल्या, तुमच्याविषयी माझं मत वाईट नाही, पण अकरा जण रांगेत आहेत. त्यात एक काच फुंकणारी मुलगी आहे, ती भट्टीशेजारच्या फळकुटांच्या खोलीत झोपते. मी तिला काय सांगू? वॉर्डात खाटा कमी असल्या की मी हेच म्हणायचे.

अठ्ठावीस तारखेला रहिवाशांची सभा आहे. तिथे ठरेल. ठरायचं काय म्हणा, महिनाअखेरीला घर सोडायचं.

खरं सांगते, काल भांडी आवरताना रडू आलं. हे घर काही फार सोयीचं नाही. पण सकाळी मी चहा करते, खिडकी उघडते आणि आज काय करायचं ते मला कुणाला सांगावं लागत नाही. ही चैन मला इतक्या उशिरा कळली आणि इतकी लवकर संपली.

दादाला यातलं रडण्याचं सांगू नकोस. तो टेम्पो उद्याच आणेल.

तुझी,
चिंगी


ता. २४ मार्च

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा सुखरूप पोचला, हे तुला त्याने कळवलं नसणार. आल्यापासून तो मला आवरायला मदत करतोय, म्हणजे खुर्चीत बसून काय कशात भरायचं ते सांगतोय. न्हाणीघरात दोनदा अंधारात सापडला. हात हलव म्हटलं तर म्हणतो, दिव्यापुढे मी हात हलवणार नाही.

पण लिहायचं आहे ते वेगळंच.

परवा दुपारी तीनच्या सुमाराला वरचा ड्रम मधेच बंद पडला. श्वासाच्या जागी नाही, भलत्याच जागी. मी वर धावले. ड्रमवाला जमिनीवर, घामाने डबडबलेला, छातीवर हात. मी नाडी धरली, पाठीला उशा लावून बसवलं, अँब्युलन्सला फोन केला. नऊ मिनिटांत गाडी खाली आली. नऊ! मी खिडकीतून बघितली. आणि मग माणसं काही वर येईनात. दोघंजण स्ट्रेचर घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरत होते, गुडघ्यावर बसून करडे नंबर वाचत होते. कुणी उघडलं ते घर चुकीचं, आणि जे बरोबर होतं तिथून मला हलता येत नव्हतं. माझ्या बोटाखाली त्याची नाडी धाग्यासारखी झाली होती. चौतीस वर्षांत मी इतकी कधी घाबरले नाही, कारण वॉर्डात खाटेला निदान नंबर असतो.

शेवटी दादाने आणलं त्यांना. कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाचा आवाज किती मोठा असतो ते तुला माहीत आहे. चौथ्या मजल्यावरच्या कठड्याशी उभा राहून तो असा ओरडला की रस्त्यावरचं वेल्डिंग थांबलं. गाडी आल्यापासून अकरा मिनिटं गेली होती. ड्रमवाला वाचला. हॉस्पिटलात आहे, बोलतोय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दादाचं अंथरूण रिकामं. बाहेर आले आणि बघतच राहिले. आमच्या मजल्याच्या भिंतीवर, जिन्यातून पाऊल टाकताच डोळ्यांत भरेल असा, हातभर उंचीचा काळाभोर तीनचा आकडा. त्याखाली बाण. बाणाखाली कुठले नंबर कुठल्या बाजूला. आणि दादा शिडीवर, तोंडात एक ब्रश, हातात एक.

मी म्हटलं, अरे, परवानगी? तो म्हणाला, नाडी बघायला तू परवानगी घेतलीस का?

दोन दिवस झाले, चालूच आहे. चौसष्ट दारं, पाच मजले. वहिनी, त्याचा हात थरथरतो ना गं चहा पिताना? भिंतीवर नाही थरथरत. एका दमात आकडा ओढतो. लोक दारात उभे राहून बघतात. काल शिल्पकाराने आपलं नाव कागदावर लिहून दिलं, त्याच्या मुलखाच्या लिपीत. दादाला त्यातलं अक्षर कळेना, पण त्याने विचारलं, हात कुठून सुरू होतो, कुठे वळतो. पाच-सहा वेळा कागदावर काढून बघितलं आणि मग दारावर असं उतरवलं की शिल्पकार त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसला. आता रांग लागलीय. चार तऱ्हेच्या लिप्या झाल्या. त्याला एकही वाचता येत नाही.

एक कळत नाही. सामान बांधायला आलेला माणूस ब्रशांची पेटी कशाला घेऊन आला?

विणकर बाई काल सगळे मजले फिरून गेल्या. अठ्ठावीसच्या सभेत आता दोन विषय आहेत: मी आणि भिंती.

तुझी धास्तावलेली,
चिंगी


ता. २६ मार्च

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

पेटी मी ठेवली. सदऱ्यांच्या खाली. यांनी वाटेत उघडली असती तर परत पाठवली असती.

चाळीस वर्षं दुकानात उभं राहून काम केलेल्या माणसाला मी सात वर्षं खिडकीत बसलेलं बघतेय. पेटीवर धूळ बसायची, मी पुसायची, परत बसायची. तुझ्या त्या वस्तीत वेल्डिंग चालतं, ड्रम चालतो, तर म्हटलं यांचंही काहीतरी चालून जाईल. इतकं चालेल असं नव्हतं वाटलं.

शिडीवर चढताना खाली कुणाला तरी धरायला उभं कर. डावा गुडघा दगा देतो, आणि ते सांगणार नाहीत. हातभर आकडे म्हणजे मोठा चपटा ब्रश वापरत असतील. तो रात्री धुऊन ठेवला की नाही ते बघ. विसरले की सकाळी घर डोक्यावर घेतात.

सभेत काय होईल ते होवो. दोघांनीही पोटभर जेवून जा. उपाशी माणूस सभेत उगाच तडजोड करतो.

तुझी,
वहिनी


ता. २९ मार्च

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

जेवून गेलो. बरं झालं सांगितलंस, सभा साडेतीन तास चालली.

आधी भिंती. इमारतीचा नकाशा काढणाऱ्यांच्या ऑफिसातून एक कोट घातलेला तरुण आला होता. तो म्हणाला, या करड्या रंगाची छटा ठरवायला आठ महिने लागले होते. दादाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी कानात सांगितलं. दादा उठला आणि त्याला म्हणाला, तुझं काम चांगलं आहे, बाळा, रंग सुरेख आहे, काळा त्याच्यावर फार छान उठतो. मग ड्रमवाल्याची बायको उठली. तिने फक्त अकरा मिनिटं म्हणजे किती, ते सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले. भिंती राहिल्या.

मग मी. विणकर बाईंनी नियम वाचून दाखवला. काच फुंकणारी मुलगीही आली होती, मागे उभी होती. तिच्याकडे बघून मला घर मागायची लाज वाटायला लागली. पण तिला पाचव्या मजल्यावरची खोली मेमध्ये मिळतेय असं बाईंनी जाहीर केलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तरी नियम तो नियमच. रांगेत अजून दहा आहेत.

तेवढ्यात शिल्पकार म्हणाला, सोपं आहे, घर भावाच्या नावावर करा. तो कलावंत आहे.

वहिनी, दादा इतका संतापला की विचारू नकोस. म्हणाला, मी कलावंत नाही. मी पाट्या रंगवतो. माझ्या बहिणीच्या अर्जात एक खोटं आधीच झालंय, दुसरं मी करू देणार नाही. बाई म्हणाल्या, मग पाटी रंगवणं म्हणजे काय ते सांगा. झालं! पाऊण तास. अक्षराची पाठ कशी ताठ हवी, दोन अक्षरांमधली हवा कशी मोजतात, उन्हात कुठला रंग आधी मरतो, चालत्या माणसासाठी अक्षर वेगळं आणि गाडीतल्यासाठी वेगळं. नकाशावाला तरुण वहीत लिहून घेत होता. सगळं संपल्यावर बाई इतकंच म्हणाल्या, तुम्ही काहीही म्हणवून घ्या, मी तुम्हाला काय म्हणायचं ते मी ठरवीन. घर तुमच्या नावावर करू?

आणि मग दादा जे बोलला ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. तो म्हणाला, घर तिचं आहे. सत्तावीस वर्षं ती माझ्या घरात राहिली आणि मला वाटायचं की तेही तिचंच आहे. तिला विचारायचं मात्र राहून गेलं. इथे मी पाहुणा आहे. पाहुण्याच्या नावावर घर करत नाहीत.

मी मान खाली घालून चष्मा पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर खरंच बरंच होतं.

बाईंनी नियमांची वही पुन्हा काढली. त्यात एक कलम आहे, की इमारतीत काम करणाऱ्या कलावंताच्या घरच्या माणसाच्या नावावर करार होऊ शकतो. नवरा-बायकोसाठी लिहिलेलं. बाईंनी विचारलं, बहीण घरचं माणूस होते का? सभेत कुणाला हरकत सुचली नाही. तर आता ठरलं ते असं: करार माझ्या नावावर, पण दादाने आठवड्यातले तीन दिवस इथे काम केलं पाहिजे. तळमजल्यावर त्याला एक कोपरा मिळालाय. सहा जणांना त्याच्याकडून अक्षर शिकायचंय, त्यात एक तो कोट घातलेला. अर्जात कलावंत हा शब्द खोडून त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: पाट्या रंगवणारा. एवढ्या सुंदर अक्षरात, की बाईंनी तो कागद फाइलीत घालायच्या आधी दोनदा लांब धरून बघितला.

मी दादाला बजावलंय. आठवड्यात तीनच दिवस, चौथा नाही. माझ्या कपाटात रंगाचे डबे नाहीत. आणि आत यायच्या आधी बेल. आज सकाळी त्याने बेल वाजवली. मी दार उघडलं तर म्हणतो, बघत होतो, वाजते का.

टेम्पोवाल्याला तू नाही म्हणून सांग. दादाला लाज वाटते.

तुझी,
चिंगी


ता. ३ एप्रिल

अगं,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. सौभाग्यवती लिहिलं तर आमंत्रणपत्रिका वाटते. अनेक आशीर्वाद लिहिले तर तू हसशील. चिंगी म्हणाली, घरी जशी हाक मारतोस तशी लिही. म्हणून वरचं लिहिलं.

मी बरा आहे. ब्रश धुतो. शिडी नकाशावाला पोरगा धरतो. त्याचं अक्षर भयंकर आहे पण त्याला ते कळतं, म्हणून आशा आहे. ड्रमवाला घरी आला. मला वर बोलावून त्याने हळू वाजवून दाखवलं. मला ऐकू येणार नाही असं वाटलं होतं, पण जमिनीतून पायात आलं.

काल शिकवताना एकाने विचारलं, तुम्ही आयुष्यात सगळ्यात चांगलं अक्षर कुणासाठी काढलं? मी मोजायला लागलो. किराणा, औषधं, सायकली, दवाखाने, एक सर्कस. तुझं नाव मी एकदाही कुठे लिहिलेलं नाही, असं लक्षात आलं. घरावरच्या पाटीवरही माझंच आहे. मला ते बरं वाटलं नाही. रात्री जेवलो नाही. चिंगीने नाडी बघितली आणि म्हणाली, काही झालेलं नाही, फक्त उशीर झालाय.

मंगळवारी येतो. पाटी उतरवून ठेव. शेजारच्याला उतरवायला सांग, तू स्टुलावर चढू नकोस.

तू पेटी सदऱ्यांखाली ठेवलीस, ते चिंगीने सांगितलं. काय लिहू?

आता शेवटी काय लिहितात, तेही मला ठाऊक नाही. पाकिटावर तुझं नाव लिहिलंय. जरा बघ.

— मी


ता. ६ एप्रिल

अहो,

पत्र मिळालं. बेचाळीस वर्षांतलं पहिलं. पोस्टमनने पाकीट हातात देताना विचारलं, हे छापलंय का? मी म्हटलं, नाही, हाताने लिहिलंय. तो म्हणाला, कुणी? मी म्हटलं, आहेत एक ओळखीचे.

पाकीट मी फोडलं नाही. कडेने कात्रीने उघडलं.

पाटी उतरवलेली नाही. तुमचं नाव राहू दे, त्यात खूप मेहनत आहे. खाली चार बोटं जागा आहे, मी मोजली. माझं नाव तेवढ्यात बसतं.

मंगळवारी या. बेल वाजवायची गरज नाही.

— अहो म्हणणारी